अप्पा सर्व्हर वाढवतात

"अप्पा, चार म्हणजे चार," सिद्धेश्वरी फोनवर म्हणाली. "चार म्हणजे साडेपाच नाही."

"व्हय की गं," महादेवप्पा म्हणाले. त्यांच्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात उदबत्ती, आणि ते गादीमागच्या सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीसमोर उभे होते. "बारालाच दुकान वाढवतो. दोनच्या ठोक्याला अक्कलकोटात हजर. तू बघच."

"लहानपणापासून बघतेच आहे, अप्पा," असं म्हणून लेकीनं फोन ठेवला.

हे वाक्य महादेवप्पांना उदबत्तीच्या चटक्याहून जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं. सिद्धेश्वरीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते पोचले तेव्हा राष्ट्रगीत संपलेलं होतं. तिच्या पदवीदानाला पोचले तेव्हा मंडपच उतरवायला घेतला होता. बापलेकीचा त्या दिवशीचा फोटो घरात भिंतीवर आहे. त्यात मागं दोन माणसं खुर्च्या एकात एक घालताना दिसतात. दरवेळी कारण एकच, दुकान वाढवता वाढवता उशीर झाला. आज तिच्या स्वतःच्या दातांच्या दवाखान्याचं अक्कलकोटात उद्घाटन होतं. गुरम्मा आदल्या दिवशीच लेकीकडे गेल्या होत्या. जाताना त्या नवऱ्याला काही म्हणजे काही बोलल्या नाहीत, आणि महादेवप्पांना त्याचीच खरी धास्ती होती.

महादेवप्पांचं दुकान नवी पेठेत. चादरी, टॉवेल, सतरंज्या. तिथं एक शब्द वर्ज्य होता, तो म्हणजे 'बंद'. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. हे काही महादेवप्पांनी शोधून काढलेलं नाही. सगळा बाजार असंच बोलतो. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, तसंच हे. पण बाकीचे दुकानदार हे शटरपुरतं पाळतात. महादेवप्पांनी ते पंख्यापासून नळापर्यंत नेलं होतं. बिरप्पा कामाला नवा होता तेव्हा ते त्याला म्हणाले, "पंखा वाढव." त्यानं इमानेइतबारे बटण पाचावर नेलं आणि वरच्या फळीवरचे नॅपकिन थेट समोरच्या सराफाच्या दारात गेले. तेव्हापासून बिरप्पा ही भाषा शिकला.

दुकानातल्या सर्व्हरला मात्र ही भाषा कुणी शिकवलेली नव्हती. मुलगा अनिलकुमार यानं मोठ्या हौसेनं चार काउंटरांवर चार पडदे बसवले होते आणि मागच्या खोलीत त्यांचं मुख्य मशीन. बसवणारा सात रस्त्यावरचा ताबीश. बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी महादेवप्पांनी त्याला समोर बसवून विचारलं होतं, "ह्याच्या आत काय चालतंय ते मला समजंल असं सांग."

ताबीश सांगायला बसला. "अप्पा, ह्याच्यात एक नंबरचा प्रोग्राम असतो. मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी तो उठतो. मग तो बाकीच्यांना उठवतो. बिलाचा, स्टॉकचा, प्रिंटरचा."

"म्हंजे सकाळी मी शटर उघडतो, मग बिरप्पा येतो, तसं."

"अगदी तसं. आणि एखाद्या प्रोग्रामचा बाप मधीच गेला, म्हणजे ज्यानं त्याला कामाला लावलं तोच संपला, तर ते पोरकं पोर हा एक नंबर आपल्याकडं घेतो."

महादेवप्पांनी बाहेर टॉवेलांच्या घड्या घालणाऱ्या बिरप्पाकडं पाहिलं. तो ज्या दुकानात आधी होता ते मालकामागं मोडलं, त्याच आठवड्यात महादेवप्पांनी त्याला बोलावून घेतलं होतं. "घ्यावंच लागतंय की," ते म्हणाले. त्यांना हा एक नंबर फार आवडायला लागला होता. "आन् रात्री?"

"रात्री तो सगळ्यांना सांगतो, आवरा. थोडं थांबतो. ज्याचं आवरलं तो जातो. सगळे गेले की शेवटी हा जातो."

"वा. आन् जे आवरत न्हाईत?"

"त्यांची दीड मिनिट वाट बघतो. मग मारतो," ताबीश डासांबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाला.

महादेवप्पा गादीवरून उठले. "मारतो? माझ्या दुकानात?"

"माणसाला नाही अप्पा. प्रोग्रामला."

"प्रोग्राम कुणाचा? गिऱ्हाइकाच्या बिलाचाच न्हवं? म्हंजे समोर गिऱ्हाईक पसंती करतंय आन् मागनं ह्यो टपून बसलाय. न्हाई बाबा. ते काढ."

"अप्पा, काहीतरी मर्यादा ठेवावी लागते."

"मी कवा ठिवलीया? एकेक बाई चादर बघायला दुपारभर बसती. मी तिला ऊठ म्हणतो का? ती उठूस्तवर मी बसतो. तुझ्या एक नंबरलाबी तसंच बसायला सांग."

ताबीशनं डोकं खाजवलं. पण दुकान अप्पांचं, मशीन अप्पांचं. त्यानं दीड मिनिटाच्या जागी 'मर्यादा नाही' असं घातलं. शिवाय दुकान वाढवताना चारही पडद्यांवर इंग्रजी सूचना यायची ती काढून, अप्पांच्या तोंडची मराठी सूचना घातली: 'आवरून घ्या मंडळी, दुकान वाढवतोय.' महादेवप्पा खूश झाले. त्या दिवसापासून ते मशीनला 'आमचा एक नंबर' म्हणायला लागले, आणि रोज संध्याकाळी अनिलकुमार बटण दाबून ते झोपवायचा तेव्हा स्वतः दारात उभे राहायचे. मशीन नीट झोपलं की मेन स्विच खाली पाडायचा आणि मगच कुलूप. कापडाचं दुकान, आत वीज खेळती ठेवून महादेवप्पा कधी घरी गेले नाहीत.

आता नेमका अनिलकुमार मालाच्या खरेदीला सुरतेत होता. म्हणून महादेवप्पांनी आदल्या संध्याकाळी ताबीशला फोन केला होता. "उद्या बाराला सर्व्हर वाढवायचा हाय. तू ये."

इथं ताबीशला दोष देता येणार नाही. त्याचे आजोबा पीरसाब यांचं अत्तराचं दुकान आहे आणि तेही संध्याकाळ झाली की "चलो, दुकान बढाव" असंच म्हणतात. दुकान वाढवा म्हटलं असतं तर ताबीशला झोपेतही कळलं असतं. पण गेला महिनाभर अनिलकुमार त्याच्या मागं लागला होता की सर्व्हर अपुरा पडतोय, मोठा करू, वाढवू. तेव्हा अप्पांचा फोन आल्यावर ताबीशला वाटलं, चला, म्हाताऱ्यानं शेवटी होकार दिला.

तो बाराच्या आधीच हजर झाला, काखेत नवं खोकं घेऊन. महादेवप्पांना त्याचा वक्तशीरपणा पाहून भरून आलं. बिरप्पानं गाद्यांवर चादरी अंथरल्या होत्या, शटर अर्ध्यावर ओढलं होतं. महादेवप्पांनी स्वतः इस्त्रीचं धोतर, काळी टोपी आणि हातात पेढ्यांची पिशवी अशी जय्यत तयारी केली होती.

"किती वेळ लागंल रं वाढवायला?"

"दीड-दोन तास, अप्पा."

"दोन तास? अनिल तर रोज पाच मिनिटांत वाढवतो."

ताबीश थबकला. "अनिलभाई रोज वाढवतात?"

"रोज. एक दिस चुकत न्हाई."

मग अजून अपुरा कसा पडतो, हे कोडं ताबीशला पडलं. पण मालकाच्या मुलानं काय करून ठेवलंय ते आत गेल्यावर कळेलच, असं म्हणून तो मागच्या खोलीत शिरला. महादेवप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. शेवटी ते आत डोकावले. मशीनचं झाकण काढलेलं होतं, नव्या खोक्यातून निघालेली वायर त्याच्या पोटात गेली होती आणि दोन्हीकडं हिरवे दिवे लुकलुकत होते.

"झालं का वाढवून?"

"पाव झालंय."

"अरं, पाव कसं? अनिल ते शेवटलं बटण दाबतो, समदं गप होतं. तेवढंच कर की."

ताबीशचा हात हवेतच राहिला. "अप्पा, तुम्हाला दुकान बढाव, ते वालं वाढवायचं होतं?"

"मग दुसरं कुठलं असतंय?"

"दुसरं, मोठं करायचं वालं," ताबीश हळूच म्हणाला. "मी मोठं करायलोय."

 महादेवप्पांना त्या पोराला रागवायचं होतं; पण रागवायचं म्हणजे 'बंद कर असं मी म्हटलं होतं' असं म्हणावं लागलं असतं, आणि ते तर त्यांनी म्हटलंच नव्हतं.

"थांबव की ते."

"मधीच थांबवलं तर जुनं पण जाईल, नवं पण जाईल. दीड तास द्या फक्त. साडेतीनच्या आत तुम्ही अक्कलकोटात असणार, मी सांगतो."

हिशेब बसत होता. महादेवप्पा बाहेर येऊन परत गादीवर बसले आणि बरोबर त्याच वेळी अर्ध्या शटरखालून एक बुरखा वाकून आत आला. अक्कलकोटच्या वाटेवरच्या कुंभारी गावच्या सुगराबी. त्यांच्या शगुफ्ताचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि रुखवतातल्या चादरी महादेवप्पांकडच्याच घ्यायच्या, हे त्यांनी शगुफ्ताच्या जन्मापासून ठरवलं होतं.

"दुकान बढाया क्या अप्पा?"

हो म्हणायचं एवढंच काम होतं. बिरप्पानं मालकाकडं डोळे मोठे करून पाहिलंसुद्धा. पण दुकान खरोखरच वाढवलेलं नव्हतं, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला खोटं सांगणं महादेवप्पांना कधी जमलं नाही.

"न्हाई की भाभी. या, बसा."

बिरप्पानं आत्ताच अंथरलेली चादर काढली आणि काउंटर दोनचा पडदा जागा केला. टॉवेल झाले, सतरंज्या झाल्या, पाहुण्यांसाठी नॅपकिन झाले. गाडी अडली ती शेवटच्या मोठ्या चादरीपाशी. डाळिंबी घ्यावी की मोरपंखी? सुगराबींनी दोन्ही मांडीवर घेतल्या, उजेडात धरल्या, बिरप्पाच्या खांद्यावर टाकून पाहिल्या.

"शगुफ्ता इधरच दर्जीकडे बसलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "दोनों दिखाके आती. दोन मिनट."

आणि बाकी गठ्ठा तिथंच ठेवून त्या दोन्ही चादरींसह शटरखालून बाहेर पडल्या. बिरप्पानं बिल तसंच उघडं ठेवलं. एका चादरीची तर नोंद राहिली होती, येतील इतक्यात.

आतून ताबीश हात पुसत आला. "अप्पा, माझं वालं झालं. आता तुमचं वालं वाढवू?"

"वाढव बाबा, वाढव," महादेवप्पा घड्याळाकडं बघत म्हणाले. भाभींचं बिल बिरप्पानं पुरं केलं असेल अशी त्यांची समजूत होती, आणि बिरप्पा त्या क्षणी नळ वाढवायला गेला होता.

ताबीशनं बटण दाबलं. चारही पडद्यांवर अक्षरं उमटली, 'आवरून घ्या मंडळी, दुकान वाढवतोय.' पहिला पडदा मालवला. तिसरा मालवला. चौथा मालवला. दुसऱ्यावरची मंडळी काही आवरेनात. महादेवप्पा मेन स्विचवर हात ठेवून उभे होते.

"काय म्हणतोय एक नंबर?" त्यांनी विचारलं.

ताबीशनं आतल्या पडद्यावरची ओळ वाचली. "म्हणतोय, काउंटर दोनचं काम चालू आहे. मी थांबलोय."

"थांबू दे की. कुठवर थांबणार?"

ताबीशचा आवाज बारीक झाला. "मर्यादा नाही, अप्पा. तुम्हीच काढायला लावली होती."

एवढ्यात बिरप्पा आला आणि उघड्या बिलाची हकीकत सांगून मोकळा झाला. मग तिघंही दुसऱ्या पडद्यापुढं जमले. ताबीशनं बटणं दाबून पाहिली. मशीन एकही अक्षर घेईना. एकदा आवरायला घेतलं की ते नवं काही लिहून घेत नाही.

"म्हंजे असं बघ," महादेवप्पा सावकाश म्हणाले. "बिल पुरं करायचं तर चादर लिहाय पायजे. चादर लिहायची तर मशीन घेत न्हाई. आन् बिल पुरं झाल्याबिगर मशीन झोपत न्हाई."

"बरोबर."

"आन् चादर कुठली ते भाभीला ठावं न्हाई."

"तेही बरोबर."

सुरतेहून अनिलकुमारचा फोन आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो एवढंच म्हणाला, "अप्पा, वायर ओढा आणि निघा."

"जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढू? तू काय बोलतोस ते कळतंय का तुला?" महादेवप्पांनी फोन ठेवून दिला.

बिरप्पाला सुगराबींच्या शोधात पिटाळलं. नवी पेठेत दर्जी काय थोडे आहेत? तो दोन गल्ल्या पालथ्या घालून घामाघूम परत आला. तेवढ्यात सिद्धेश्वरीचा फोन वाजला.

"अप्पा, निघालात?"

"निघालोच."

 'निघालोच' या शब्दाचा अर्थ सिद्धेश्वरीला शाळेपासून माहीत होता. ती रागावली असती तरी चाललं असतं. ती फक्त म्हणाली, "बरं. सावकाश या." आणि फोन ठेवला. महादेवप्पांना एकदम फार वाईट वाटलं. सावकाश या म्हणते म्हणजे पोरीनं वाट बघणं सोडलं, हे न कळण्याइतके ते अडाणी नव्हते.

"अप्पा," ताबीश त्यांच्याशेजारी गादीच्या कडेला टेकला, "एका कमांडचं काम आहे. त्या एकट्या बिलाला मी मारतो. भाभींचा माल बिरप्पाकाका परत लिहून घेतील उद्या."

"तिला मी या म्हटलंय रं. या, बसा म्हटलंय. आन् ती दाराबाहेर गेली तशी तिच्या बिलाला मारू?"

"मग थांबणार?"

"एक नंबर थांबलाय की. त्यो कसा बसलाय बघ, काय कुरकुर न्हाई."

ताबीशनं दुसऱ्या पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "अप्पा, तो कितीही थांबू शकतो. त्याला कुठं जायचंच नसतं. त्याची लेक दवाखाना उघडत नाही."

 महादेवप्पांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. इतकी वर्षं सगळ्यांच्या आधी येणं आणि सगळ्यांच्या मागं जाणं याचा त्यांना अभिमान होता. सगळ्यांच्या मागं जाणारा माणूस पुढच्या ठिकाणीही सगळ्यांच्या मागूनच पोचतो, हे आज पहिल्यांदाच त्यांच्या ध्यानात आलं. पण ध्यानात येणं वेगळं आणि तोंडातून 'मार' हा शब्द निघणं वेगळं. तो काही निघेना.

तीन वाजून गेल्यावर सुगराबी शटरखालून आत आल्या. चेहरा प्रसन्न होता. "अप्पा, शगुफ्ता क्या बोली मालूम? दोनों नक्को बोली. जांभळी है क्या?"

बिरप्पा मटकन खाली बसला. महादेवप्पांचा हात सवयीनं जांभळ्या गठ्ठ्याकडं गेलासुद्धा. पण ताबीशला राहवलं नाही. त्यानं एका दमात सुगराबींना सगळं सांगितलं. दवाखाना, चार वाजता, एक नंबर, उघडं बिल. त्यातलं मशीनचं किती कळलं कोण जाणे, पण दवाखान्याचं पुरतं कळलं.

"अप्पा," त्यांनी कमरेवर हात ठेवले, "लेकीचा दवाखाना उघडतोय आन् तुमी हितं माझ्या चादरीला धरून बसलाव? मेरेको बोलना था ना. मी काय परकी हाय?"

"तुमी गिऱ्हाईक हाव, भाभी."

"मी पोरीची आई हाय पहिली." त्या ताबीशकडं वळल्या. "वो बिल किसका है?"

"तुमचं, खाला."

"मेरा है ना? मग मी सांगते. मार उसको."

महादेवप्पांनी घाईघाईनं तोंड तसबिरीकडं फिरवलं. "थांब. आदी एकदा आवरा म्हण त्याला."

"कितीदा म्हटलंय, अप्पा."

"आणखीन एकदा म्हण."

ताबीशनं आणखी एकदा सूचना दिली. पडद्यावर पुन्हा तेच शब्द उमटले. पाचही मिनिटं गेली नसतील. पण ती सगळी सुगराबींनी मोजून घेतल्यासारखी जोरजोरात उसासे टाकत काढली. मग ताबीशनं बिल मारलं. दुसरा पडदा मालवला, आत एक नंबर निजला, मेन स्विच खाली आला. शटर पडल्याबरोबर सुगराबींनी महादेवप्पांना जवळजवळ ढकलतच गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथं त्यांचा मुलगा अझरुद्दीन याचा टेम्पो उभा होता.

"अक्कलकोट," त्या मुलाला म्हणाल्या. "पहिलं अप्पांना सोड, मग बाकी दुनिया."

अझरुद्दीन आज्ञाधारक मुलगा होता, पण त्याच्या टेम्पोत आणखी दोघांच्या पिठाच्या गोण्या होत्या आणि आईला कुंभारीत उतरवायचंच होतं. कुंभारीत उतरल्यावर सुगराबींनी चहाशिवाय पुढं जाऊ दिलं नाही. महादेवप्पा दवाखान्यासमोर टेम्पोतून उतरले तेव्हा धोतराला पीठ लागलं होतं, पेढ्यांचा आकार बदलला होता आणि सहा वाजायला आले होते.

दारातली रिबीन कापलेली होती. तिची दोन टोकं दोन्ही बाजूंना लोंबत होती. रांगोळी पुसट झाली होती. आत मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता. ते पाहून महादेवप्पांना पायरी चढवेना.

सिद्धेश्वरी पांढऱ्या कोटात बाहेर आली. "आलात?"

"सिद्धू, अगं त्यो सर्व्हर..." त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. "उशीर झाला. माझंच चुकलं. कुणी कापली रिबीन?"

"आईनं. बरोबर चारला."

आत खुर्चीवर बसलेल्या गुरम्मांनी पदर सारखा केला आणि मान किंचित हलवली. नवऱ्याकडं मात्र पाहिलं नाही.

"बरं केलं," महादेवप्पा म्हणाले. "मुहूर्त टळाय नको."

"अप्पा, आईच कापणार हे आधीपासून ठरलं होतं," सिद्धेश्वरी म्हणाली. "सगळ्यांच्या आधी यायचं काम तुम्हाला कधी घरच्यांसाठी जमलेलं नाही, ते मी कशाला तुमच्यावर टाकू? तुम्हाला मी दुसऱ्या कामाला बोलावलंय." तिनं कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा नवा कोरा जुडगा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "पहिला दिवस आहे. दवाखाना तुम्ही वाढवायचा."

महादेवप्पांनी टोपी काढून डोळे पुसले आणि त्याबद्दल कुणाला काही वाटेल का याची पर्वा केली नाही. लेक 'बंद करा' म्हणाली नव्हती. शहरात शिकून आली तरी म्हणाली नव्हती.

मग ते कामाला लागले. खिडक्यांच्या कड्या पाहिल्या, नळ घट्ट केला, पंख्याखाली उभं राहून तो पूर्ण थांबेपर्यंत वर बघत राहिले. दात तपासायच्या त्या मोठ्या खुर्चीवर हात फिरवून तिची वायर कुठं जाते ते विचारून घेतलं. मंडपवाल्याला शेवटची खुर्ची उचलेपर्यंत घाई केली नाही. गुरम्मा चपला घालून पायरीवर उभ्या राहिल्या, सिद्धेश्वरीनं कोट काढून हातावर घेतला. महादेवप्पांनी नमस्कार केला, शटरला हात घातला आणि ते अर्ध्यावर आणलं.

एक माणूस गालाला हात लावून घाईघाईनं येत होता. अर्धं शटर पाहून त्याचा चेहरा पडला. "दवाखाना वाढवला का हो?" त्यानं गालातल्या गालात विचारलं.

सिद्धेश्वरीनं आईकडं पाहिलं. गुरम्मांनी चपला काढल्या.

"न्हाई की," महादेवप्पा म्हणाले. "बर्री, कुंद्री. या, बसा."

सिद्धेश्वरीनं पुन्हा कोट चढवला आणि पेशंटला आत घेतलं. महादेवप्पांनी शटर होतं तसंच अर्ध्यावर ठेवलं, पायरीवर उभे राहिले आणि गल्लीत आणखी कुणाचा गाल सुजलेला दिसतो का ते बघू लागले.